गोळीच्या नावात ‘लॉल’ असेल तर कोष्टक बघून चालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीच्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत ‘वयानुसार हृदयाचे सुरक्षित ठोके’ असं कोष्टक आलं होतं. डाव्या बाजूला वय, समोर व्यायाम करताना नाडी किती असावी ते. साठीच्या माणसाला ८० ते १३६, पासष्टीला ७८ ते १३२, सत्तरीला ७५ ते १२८. आकडे बरोबर होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या कोष्टकातही हेच आकडे आहेत. पण तिथं एक सूचना असते, की काही औषधांनी नाडीची गती कमी राहते आणि मग हे आकडे त्या माणसाला लागू पडत नाहीत. आपल्या कोष्टकाखाली ती सूचना नव्हती, आणि वर शब्द होता ‘सुरक्षित’. तेवढ्यानं आमच्या घरात काय झालं ते सांगावं म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबलं आहे, पण शक्य तेवढं छापा अशी विनंती.

मी परभणीची. १९८४ साली आरोग्यसेविका म्हणून लागले आणि ३५ वर्षं जिंतूर तालुक्यातल्या उपकेंद्रांवर काढली. गावात मला नर्सबाई म्हणायचे. पहिल्या पगारातून मी सेकंद काट्याचं एचएमटीचं घड्याळ घेतलं होतं, कारण नाडी मोजायला दुसरं काही लागत नाही. बाळंतिणीची नाडी, तापानं फणफणलेल्या लेकराची नाडी, विंचू चावलेल्या गड्याची नाडी, उन्हात खुरपताना चक्कर येऊन पडलेल्या बाईची नाडी. किती हातांवर बोटं ठेवली असतील त्याचा हिशोब नाही. तरीही माझ्याच घरात, माझ्या शेजारी चालणाऱ्या माणसाच्या नाडीबद्दल मी गाफील राहिले. याची खंत मला आहे आणि ती जाणार नाही.

आमचे मालक ६८ वर्षांचे. मोंढ्यात अडतीच्या दुकानावर मुनीम होते. सगळा जन्म आकड्यांत गेला. दिवसाच्या शेवटी चार आण्यांचा फरक आला तरी वही मिटायची नाही, हा त्यांचा स्वभाव. सहा वर्षांपूर्वी त्यांना बीपी निघालं, जिना चढताना छातीत भरल्यासारखंही व्हायचं. डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल सुरू केली, ५० मिलिग्रॅम, रोज सकाळी. त्या गोळीनं त्यांचं सगळं छान बसलं होतं. बीपी १३०-८० च्या आसपास, बसल्या जागी नाडी ५८, छातीचा त्रास बंद. रोज सकाळी आम्ही दोघं कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर चालायला जातो. निम्मी परभणी तिथं चालते. झाडं आहेत, गाड्या कमी, आणि दोन्ही बाजूंना शेतं.

दिवाळीत मुलानं पुण्याहून त्यांच्यासाठी हातातलं घड्याळ आणलं होतं, नाडी दाखवणारं. तोवर ते नुसती पावलं बघायचे. संक्रांतीला आपलं कोष्टक आलं. विद्यापीठाच्या गेटजवळ चहाची टपरी आहे, तिथं कुणीतरी ते कात्रण काचेला चिकटवलं. मालकांनी पेन्सिल काढून स्वतःचा हिशोब केला. २२० मधून वयाचे ६८ गेले, राहिले १५२, ते जास्तीत जास्त ठोके. त्याचे ७० टक्के १०६, ८५ टक्के १२९. आणि आपल्या पुरवणीत लिहिलं होतं की जोरकस व्यायाम ७० ते ८५ टक्क्यांत होतो.

त्यांची नाडी चालताना ९६ च्या पुढं जाईना.

“आज पण ९६ च यायलंय,” असं ते रोज म्हणायचे. मी म्हणायचे, “अहो, काय करायलाव तुम्ही, हा काय मोंढ्यातला हिशोब आहे का?” पण त्यांना तो हिशोबच वाटत होता, आणि तो जुळत नव्हता. मग ते भरभर चालू लागले. मग चढावर पळू लागले. घरी आले की पाय लटपटायचे, घामानं सदरा चिंब, अंघोळीला उठायचं त्राण नाही. नाडी फार तर १०४. शरीर सांगत होतं की पुष्कळ झालं, आणि घड्याळ सांगत होतं की अजून कमी आहे. त्यांनी घड्याळाचं ऐकलं. मला वाटलं, वय झालं म्हणून थकतात.

चालणाऱ्यांच्या घोळक्यातल्या एका भल्या माणसानं त्यांना सांगितलं की बीपीच्या गोळीनं नाडी दबते, तर गोळी न घेता चालून बघा. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, आणि अर्धी गोष्ट खरीही होती. मालकांनी आधी सकाळची गोळी चालून आल्यावर घ्यायला सुरुवात केली. फरक पडेना. गोळी आदल्या दिवसाची असली तरी तिचा अंमल असतोच. मग त्यांनी गोळी सोडलीच. मला सांगितलं नाही, मी रागावले असते म्हणून. आणि नाडी वर चढली. पहिल्या दिवशी ११०, दुसऱ्या दिवशी १२२. खुश होते. टपरीवर सगळ्यांना घड्याळ दाखवलं.

चौथ्या दिवशी, होळी होऊन आठवडा झाला होता, आम्ही निघायला उशीर केला. आठ वाजत आले होते आणि ऊन चटके देत होतं. शेतांच्या कडेच्या वळणावर ते एकदम थांबले आणि मोरीच्या कठड्यावर बसले. तोंडाला घाम, पण हात गार. म्हणाले, “जीव घाबरा व्हायलाय. छातीवर कुणी पाटा ठेवल्यावानी वाटायलंय.” मी नाडी धरली. बसून पाच मिनिटं झाली तरी १३८. इतक्या वर्षांच्या सवयीनं बोटांना कळलं की हा नुसता दम नाही. मी त्यांना झोपू दिलं नाही, चालूही दिलं नाही. पाठीला टेकू देऊन बसवलं आणि १०८ ला फोन लावला. दवाखान्यात बीपी भरलं १९०-११०. ईसीजीत थोडा फरक होता, हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं त्या ट्रोपोनिनची तपासणी दोनदा केली, दोन्हीदा ठीक आली. झटका नव्हता. तिसऱ्या दिवशी घरी आलो.

घरी आल्यावर उशीखाली गोळ्यांचं पाकीट सापडलं. चार घरं भरलेली होती, जी रिकामी असायला हवी होती.

डॉक्टरांनी मालकांना जे समजावलं ते मला फार पटलं, म्हणून त्यांच्याच ओघात सांगते. धावपळ, भीती, राग, व्यायाम, या सगळ्यात शरीरात अ‍ॅड्रेनलिन सुटतं. हृदयावर त्याच्यासाठी जणू दारं असतात, आणि ही गोळी ती दारं लावून घेते. म्हणून हृदय सावकाश चालतं, त्याला प्राणवायू कमी लागतो, छातीत दुखत नाही. पण दारं बंद आहेत म्हणताना शरीर हळूहळू नवी दारं करून ठेवतं. गोळी एकदम थांबली की जुनी-नवी सगळी दारं एकदम उघडी. मग हृदय उसळतं, बीपी चढतं, आणि ज्याच्या हृदयाच्या नळ्या अरुंद आहेत त्याला झटकाही येऊ शकतो. म्हणून ही गोळी कधीच आपल्या मनानं तोडायची नाही. बंद करायची झाली तरी डॉक्टर ती थोडी थोडी कमी करत आणतात.

अशा गोळ्या आपल्या भागात किती घरांत चालू आहेत याचा विचार करा. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्वेडिलॉल, आणि हात थरथरण्यावर किंवा अर्धशिशीवर देतात ती प्रोप्रानोलॉल. पाकिटावर कंपनीनं ठेवलेलं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि औषधाचं खरं नाव त्याखाली बारीक. त्या बारीक नावाच्या शेवटी ‘लॉल’ दिसलं की समजावं, ही नाडी धरून ठेवणारी गोळी आहे. डोळ्यांना दिसत नसेल तर नातवाकडून वाचून घ्यावं. डिल्टियाझेम, व्हेरापामिल आणि आयव्हाब्राडिन यांच्या शेवटी ‘लॉल’ नाही, पण त्याही नाडी खाली ठेवतात. उलट, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल किंवा गरजेपेक्षा जास्त झालेली थायरॉइडची गोळी नाडी वर नेते. या सगळ्यांसाठी वयाचं कोष्टक कामाचं नाही.

आता त्या २२० विषयी. माझी पुतणी नांदेडला फिजिओथेरपिस्ट आहे. मालक घरी आल्यावर ती भेटायला आली होती, तिनं मला हे सगळं सांगितलं. सॅम्युअल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९७१ च्या सुमारास आधी झालेल्या काही अभ्यासांचे आकडे एका कागदावर मांडले आणि मधून एक रेघ ओढली. वय वाढतं तसे जास्तीत जास्त ठोके कमी होतात, ते साधारण २२० उणे वय एवढे येतात, अशी ती रेघ होती. अंदाज म्हणून ती वाईट नाही. पण एकाच वयाच्या पुष्कळ लोकांची खरी चाचणी केली तर तिघांतल्या दोघांचे ठोके त्या रेघेच्या दहा-बारा इकडं-तिकडं येतात आणि तिसऱ्याचे त्याहूनही लांब. म्हणजे गोळी न घेणाऱ्या साठीच्या दोन धडधाकट माणसांत एकाचं हृदय १४५ ला टेकतं आणि दुसऱ्याचं १७५ पर्यंत जातं, हे दोन्ही रोगाशिवाय होऊ शकतं.

पुढं २००१ मध्ये तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरं सूत्र दिलं, २०८ मधून वयाच्या सात-दशांश वजा. २०१० मध्ये मार्था गुलाटी यांच्या गटानं पाच हजारांवर स्त्रियांच्या चाचण्यांवरून बायकांसाठी वेगळं सूत्र दिलं, २०६ मधून वयाच्या ०.८८ पट वजा. मी ६४ वर्षांची आहे. तिन्ही सूत्रं लावली तर माझे जास्तीत जास्त ठोके अनुक्रमे १५६, १६३ आणि १५० येतात. एकाच बाईचे तीन आकडे, आणि त्यांत तेरा ठोक्यांचा फरक. यातला माझा कोणता हे चाचणीशिवाय कुणी सांगू शकत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते. कोष्टक बसल्या जागीच्या नाडीचा विचारच करत नाही. माझी नाडी बसून ७४ असते. १५६ चे ५० टक्के म्हणजे ७८. तेवढे ठोके मी चहा टाकायला उठले तरी होतात, आणि कोष्टकाच्या मते तो माझा व्यायाम झाला! फिनलंडच्या कार्वोनेन यांनी १९५७ मध्येच याचा तोडगा काढला होता. जास्तीत जास्त ठोक्यांतून बसल्या जागीचे ठोके वजा करायचे. उरतात ते हृदयाच्या गाठीला असलेले ठोके. त्याचे ४० ते ६० टक्के घेऊन पुन्हा बसल्या जागीचे ठोके मिळवायचे. माझ्यासाठी १५६ उणे ७४ म्हणजे ८२, त्याचे ४० टक्के धरले तर १०७ आणि ६० टक्के धरले तर १२३. चालताना मला जो खरा दम लागतो तो या दोन आकड्यांच्या मध्येच लागतो. हिशोब करायचाच तर मी हा करेन. पण मला ‘लॉल’ची गोळी नाही, शुगर नाही, हे इथं सांगायला हवं.

शुगरचं मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडं घराआड एक शुगरचा माणूस आहे. खूप वर्षांची शुगर असेल तर हृदयाकडं जाणाऱ्या नसाही बधिर होतात. मग बसल्या जागी नाडी ९०-१०० राहते, चालल्यावर हवी तशी वाढत नाही, आणि छातीत दुखायला हवं तेव्हा दुखतही नाही. नुसता दम लागतो, घाम सुटतो, मळमळतं. अशा माणसानं आकडा बरोबर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. आणि रक्त कमी असलेल्या बायकांचं काय सांगू? ऊसतोडीहून परत आलेल्या बायांचं हिमोग्लोबिन मी सातसुद्धा बघितलं आहे. बसल्या जागी नाडी शंभराच्या वर. त्या बाईच्या हाताला असलं घड्याळ बांधलं तर ती धान्य निवडत बसलेली असतानाच घड्याळ म्हणेल, बाई व्यायाम करते आहे. तिला आधी रक्त वाढवायच्या गोळ्या हव्यात आणि पोटभर जेवण.

पोलीस भरतीची पोरं-पोरी पहाटे आमच्या बाजूनं पळत जातात, मुलं सोळाशे मीटरसाठी, मुली आठशेसाठी. त्यांना हा कमाल-किमानचा हिशोब फारसा लागत नाही. पळताना कधी शुद्ध हरपली असेल किंवा घरात कुणी ऐन तरुणपणी अचानक गेलं असेल, तर मात्र एकदा ईसीजी आणि डॉक्टर, मगच मैदान.

नाडी मोजायची पद्धत मात्र प्रत्येकाला यायला हवी, घड्याळ असो नसो. हे माझं काम होतं म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तळहात वर करा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या बाहेरच्या कडेला, हाड आणि दोरीसारखा लागणारा स्नायुबंध यांच्यामध्ये एक खोबण असते. तिथं तर्जनी आणि मधलं बोट हलकं ठेवा. अंगठा ठेवायचा नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते आणि ती आपण दुसऱ्याची म्हणून मोजतो. जोरात दाबलं तर नाडी हरवते. सेकंद काट्याकडं बघत पंधरा सेकंद मोजा आणि चारानं गुणा. ठोके एकसारखे नसतील, मध्येच एखादा गळत असेल किंवा कसेही पडत असतील, तर पूर्ण मिनिट मोजा आणि डॉक्टरांना दाखवा. चालताना किती होते ते बघायचं असेल तर थांबल्या थांबल्या लगेच मोजायचं. थांबून गप्पा मारून मग मोजलं तर आकडा खोटा येतो, कारण नाडी पहिल्या मिनिटातच झपाट्यानं उतरते. ती उतरायलाच हवी. थांबून मिनिट झालं तरी दहा-बारा ठोकेसुद्धा कमी झाले नाहीत तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. मानेवर मोजायची सवय काहींना असते. तिथं जोरात दाबू नये, दोन्ही बाजूंनी तर कधीच नाही. त्यानं नाडी एकदम मंदावते, म्हाताऱ्या माणसाला घेरीही येते.

घड्याळाच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको. ते कातडीवर हिरवा उजेड टाकतं आणि रक्ताच्या येण्या-जाण्यानं तो कसा बदलतो त्यावरून ठोके मोजतं. पट्टा सैल असेल, हात झुलत असेल, तर ते ठोक्यांऐवजी पावलांचा ठेका पकडतं. मालकांच्या हातावर एकदा मी बोटांनी ९६ मोजले तेव्हा घड्याळात ११८ होते. माझ्या सासूबाईंच्या दोन्ही मनगटांवर जुनं गोंदण आहे. त्यांच्या हाताला गमतीनं बांधून बघितलं तर कधी आकडा येईचना, कधी भलताच. गोंदणाची शाई तो उजेड अडवते.

मग आकड्याशिवाय कळायचं कसं? पुतणीनं सांगितलेला उपाय आमच्या बायकांच्या घोळक्याला फार आवडला. चालताना बोलून बघायचं आणि गाऊन बघायचं. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईंच्या ओव्या आमच्यापैकी सगळ्यांना पाठ आहेत. चालता चालता ओवी सुरात पूर्ण म्हणता येत असेल, तर चाल हळू आहे. वाक्य बोलता येतं पण ओवीचा सूर मध्येच तुटतो, ती चाल बरोबर. आणि दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो जोराचा व्यायाम झाला, तो गोळीवाल्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही. ही परीक्षा गोळी चालू असली तरी फसत नाही, कारण गोळी नाडी लपवते, धाप लपवत नाही. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी तर श्रमाची पट्टीच केली आहे, ६ पासून २० पर्यंत. ६ म्हणजे काहीच श्रम नाही, २० म्हणजे आता प्राण जाईल. हृदयाच्या रुग्णांना साधारण ११ ते १४ च्या मध्ये राहायला सांगतात, म्हणजे ‘हलकं’ आणि ‘थोडं जड’ यांच्या दरम्यान.

आणि ऊन. आपल्या मराठवाड्यात मार्च ते जून कोष्टक करणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसेल असं ऊन असतं. तापलेलं अंग गार करायला हृदयाला कातडीकडं जास्त रक्त ढकलावं लागतं, त्यात घामानं पाणी गेलेलं. त्याच चालीला माझी नाडी पहाटे साडेपाचला ११० असते ती आठ वाजता १२५ होते. उन्हाळ्यात चाल कमी करावी, वेळ अलीकडं घ्यावी, निघण्याआधी तांब्याभर पाणी प्यावं. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे त्यांनी अर्थात तेच पाळावं.

मालकांचं आता कसं चाललं आहे ते सांगते. दीड महिन्यानं त्यांची टीएमटी केली, पट्ट्यावर चालवतात ती, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवत. त्या दिवशी सकाळची गोळी मुद्दाम घ्यायला लावली होती, कारण रोज ते गोळी घेऊनच चालणार आहेत. पाय थकून थांबले तेव्हा नाडी होती ११२. ईसीजी ठीक, छातीत दुखलं नाही. डॉक्टरांनी तोच ११२ हा त्यांचा कमाल आकडा धरला, वयावरून आलेला १५२ नाही. ११२ उणे ५८ म्हणजे ५४. त्याचे ४० ते ७० टक्के, अधिक ५८. आले ८० ते ९६. मालकांनी घरी येऊन पेन्सिलीनं पुन्हा ताळा केला आणि बराच वेळ कागदाकडं बघत बसले. ज्या ९६ ला ते दोन महिने कमी समजत होते तो त्यांच्या पट्टीचा वरचा काठ होता. चाचणीत कुणाला छातीत दुखलं किंवा ईसीजी बदलला तर जिथं बदलला त्याच्या दहा ठोके खालीच थांबायला सांगतात. म्हणून ८० ते ९६ हा आकडा फक्त आमच्या मालकांचा आहे, कुणी तो स्वतःला लावून घेऊ नये.

आता ते आठवड्यातून पाच दिवस, चाळीस मिनिटं चालतात. पहिली आणि शेवटची सात-आठ मिनिटं रमतगमत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, रमतगमतची मिनिटं सोडली तरी हे त्याच्या जवळपास जातं. गोळी मी समोर उभी राहून देते. ते कुरकुर करत नाहीत.

संपादक महाशय, माझी आपल्याकडं विनंती आहे. ते कोष्टक छापलंत त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत हे छापा: हे आकडे सरासरीचे आहेत. बीपीची, हृदयाची किंवा ‘लॉल’नं संपणारी गोळी चालू असेल तर ते तुमच्यासाठी नाहीत. आकडा गाठण्यासाठी गोळी सोडू नका. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, गार घाम, घेरी यातलं काही झालं तर नाडी न मोजता थांबा आणि १०८ ला फोन करा. नगरपालिका आणि महापालिकांनी बागेत ओपन जिम बसवल्या आहेत. तिथं असं कोष्टक लावणार असाल तर ही चौकटही लावा. आणि डॉक्टरांना हात जोडून सांगणं आहे, की ही गोळी पहिल्यांदा लिहून देताना मराठीत एकच वाक्य बोला: हिच्यानं नाडी कमी राहील, घाबरू नका, आणि ती वाढवायला जाऊ नका. आम्हाला ते सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः आरोग्य खात्यात असूनही विचारलं नव्हतं.

टपरीच्या काचेवर ते कात्रण अजून आहे. टपरीवाल्या दादाला विचारून मी त्याखाली वहीचं एक पान चिकटवलं आहे, मोठ्या अक्षरात लिहून. पण वाफेनं शाई फुटायला लागली आहे, आणि लोक वहीच्या पानापेक्षा छापलेल्याचं ऐकतात. आपण छापलंत तर मी ते कापून तिथं लावीन.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, परभणी
(मालकांची हरकत नाही, पण नाव छापू नये ही विनंती.)